क्लाउड डेटा सेंटर

हजारो सर्व्हर, म्हणजे माहिती साठवणारे आणि पुरवणारे संगणक, एका छताखाली ठेवून त्यांना अखंड वीज, थंडावा आणि इंटरनेटची जोडणी पुरवणाऱ्या इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. फोटो ‘क्लाउडवर’ टाकला असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात तो अशाच एखाद्या इमारतीतल्या डिस्कवर लिहिलेला असतो, आणि बहुधा एकाहून अधिक ठिकाणी. ढग हे नाव फार हलके आहे. ही यंत्रणा लोखंड, तांबे, डिझेल आणि पाण्यावर उभी असते.

महाराष्ट्रात अशा इमारतींची सर्वांत मोठी दाटी नवी मुंबईत आहे. ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात आणि पुढे पनवेलकडे खिडक्या नसलेल्या, गच्चीवर चिलरच्या, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्रांच्या, रांगा असलेल्या इमारती दिसतात. कारणे सरळ आहेत. समुद्राखालून येणाऱ्या अनेक आंतरराष्ट्रीय केबल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात. बँका आणि शेअर बाजार जवळ आहेत. औद्योगिक पट्ट्यात जमीन आणि उच्चदाबाची वीज मिळते. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नईतून, ॲमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली मुंबईतून क्लाउड सेवा सुरू केली. व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंट कंपन्यांना दिला, तेव्हा इथल्या जागेला आणखी मागणी आली.

डेटा सेंटरच्या आराखड्यात वीज पहिली येते. उपकेंद्रातून आलेली वीज रोहित्रातून उतरते, यूपीएस या बॅटऱ्यांच्या आधार यंत्रणेतून जाते आणि मगच रॅकपर्यंत, म्हणजे सर्व्हरच्या कपाटापर्यंत, पोहोचते. प्रत्येक सर्व्हरला शक्यतो दोन पुरवठे दिलेले असतात. त्यांचे यूपीएस वेगळे, केबलचे मार्गही वेगळे. एक बाजू पूर्ण बंद पडली तरी दुसरीने सगळा भार पेलायचा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतली वीज एकाएकी गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा क्षणी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या भार उचलतात. त्या काही मिनिटेच टिकतात, पण तेवढे पुरते, कारण डिझेल जनरेटर काही सेकंदांत सुरू होतात. पुढे टाकीत डिझेल असेल तोवर इमारत स्वतःच्या विजेवर चालते. अपटाइम इन्स्टिट्यूट ही संस्था या तयारीला टियर १ ते ४ अशी श्रेणी देते. टियर ३ चा अर्थ असा, की देखभालीसाठी कुठलेही एक यंत्र बंद केले तरी सेवा थांबता कामा नये.

खरी झुंज मात्र उष्णतेशी असते. सर्व्हरला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. रॅक १९ इंच रुंदीच्या उपकरणांसाठी बनवलेले, साधारण दोन मीटर उंचीचे कपाट असते. त्यातली उंची १.७५ इंचांच्या ‘यू’ या मापात मोजतात. ४२ यू हे नेहमीचे. रॅक समोरासमोर तोंड करून लावले की मधे थंड गल्ली तयार होते, आणि पाठीला पाठ लावलेल्या बाजूला गरम गल्ली. थंड गल्लीत जाळीच्या फरशीतून गार हवा वर येते, सर्व्हरचे पंखे ती आत ओढतात आणि मागच्या बाजूला फेकतात. दोन पावलांवरच्या गरम गल्लीत वळले की भर उन्हात पंख्याविना उभे राहिल्यासारखे वाटते. या दोन हवा मिसळू नयेत म्हणून गल्लीला दार आणि छप्पर करतात, आणि रॅकमधल्या रिकाम्या जागेवर साधी प्लास्टिकची पट्टी बसवतात. ती बसवायची राहिली, तर गरम हवा त्या फटीतून पुढे येते आणि शेजारचा सर्व्हर तापतो. इतक्या महागड्या व्यवस्थेत ही किरकोळ पट्टी फार मोलाची ठरते.

गरम हवेतली उष्णता पाण्यात उतरवून चिलर आणि पाण्याच्या बाष्पीभवनाने उष्णता घालवणाऱ्या कूलिंग टॉवरमार्फत बाहेर टाकली जाते. स्वीडनमध्ये लुलेओ इथे बाहेरची थंड हवाच आत घेतात. फिनलंडमधल्या हामिना इथे गूगलने जुन्या कागद गिरणीत केंद्र थाटून थंडाव्यासाठी समुद्राचे पाणी वापरले. आपल्या किनाऱ्यावर खारी, दमट हवा असते आणि पावसाळ्यात कूलिंग टॉवरचे बाष्पीभवनही मंदावते, त्यामुळे तिकडचा आराखडा इथे जसाच्या तसा चालत नाही. केंद्राची एकूण वीज भागिले संगणकांना लागलेली वीज, या गुणोत्तराला पीयूई म्हणतात. ते १.५ असेल तर संगणकांच्या प्रत्येक युनिटमागे अर्धे युनिट थंडावा आणि इतर गोष्टींवर जाते. गूगल आपल्या केंद्रांची सरासरी १.१ च्या आसपास सांगते. हा आकडा उपयोगी असला तरी अपुरा आहे, कारण किती पाणी खर्ची पडले हे त्यात दिसत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या प्रदेशात पाण्याचा हिशेबही विजेइतक्याच उघडपणे मांडला गेला पाहिजे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांनी हे गणित बदलले आहे. पूर्वी एका रॅकला ५ ते १० किलोवॅट पुरत. चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०२४ साली जाहीर केलेल्या रॅकला सुमारे १२० किलोवॅट लागतात. एवढी उष्णता नुसत्या हवेने निघत नाही, म्हणून चिपला चिकटलेल्या धातूच्या पट्टीतून द्रव खेळवला जातो. त्यासाठी सर्व्हरच्या दालनात पाइप येतात, गळती ओळखणारे सेन्सर येतात आणि जमिनीला जास्त वजन पेलावे लागते.

आगीचा धोका कायमचा. धूर डोळ्यांना दिसण्याआधी टिपणारी यंत्रे आणि उपकरणे न भिजवता आग विझवणारे वायू बसवले जातात. तरीही एक इमारत गेली तर काय, याचे उत्तर दुसऱ्या इमारतीतच असते. म्हणून क्लाउड कंपन्या एका शहराच्या परिसरात वीज आणि जोडणी स्वतंत्र असलेली केंद्रे ठेवतात. ती फार लांब नेता येत नाहीत, कारण त्यांच्यातल्या प्रती सतत जुळत्या ठेवायच्या असतात आणि अंतराबरोबर उशीर वाढतो. प्रकाशाला फायबरमधून, म्हणजे काचेच्या तंतूतून, १०० किलोमीटर जाऊन परत यायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या क्लाउड कंपनीची पाच मजली इमारत जळाली आणि शेजारच्या इमारतीचा काही भागही गेला. माणसे सुखरूप राहिली. ज्या ग्राहकांची मूळ आणि राखीव प्रत दोन्ही त्या आगीत सापडल्या, त्यांना आपला डेटा परत मिळाला नाही.