अश्मीभूत लाकूड व त्याच्याशी साम्य असलेले खडक (नाशिक परिसर)

अश्मीभूत लाकूड : लाकडाच्या कोशिकांमध्ये, तसेच कोशिकावरणांच्या जागी खनिज द्रव्य साचून बनलेला जीवाश्म. हे खनिज बहुतेक वेळा सिलिका (ओपल, कॅल्सेडोनी किंवा क्वॉर्ट्‌झ) असते. क्वचित कॅल्साइट, पायराइट किंवा लोहाची ऑक्साइडे आढळतात. नाशिक जिल्ह्यात लाकडासारखे दिसणारे दगड पुष्कळ मिळतात, पण त्यांपैकी फारच थोडे लाकूड असण्याचा संभव आहे. त्यामुळे प्रस्तुत नोंदीत भर आहे तो हुबेहूब दिसणाऱ्या खडकांवर आणि ते वेगळे ओळखण्याच्या कसोट्यांवर.

अश्मीभवनाची रीत : लाकडाचा प्रत्येक कण जाऊन त्याच्या जागी सिलिकेचा कण येतो, असे वर्णन जुन्या ग्रंथांत आढळते. आज ते पुरेसे मानले जात नाही. लिओ व बार्गहूर्न यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या मतानुसार पाण्यात विरघळलेले सिलिसिक अम्ल कोशिकावरणातील सेल्युलोज व लिग्निन यांच्या हायड्रॉक्सिल गटांना चिकटते. कोशिकावरण अशा रीतीने साच्याचे काम करते, पोकळ्या मागाहून भरतात आणि सेंद्रिय द्रव्य सावकाश कुजून निघून जाते. कोशिकांची रचना अनेक नमुन्यांत अगदी बारकाव्यांसह टिकून राहते, तिचा उलगडा या मताने चांगला होतो. पुढच्या टप्प्याविषयी मात्र एकमत नाही. सिलिका प्रथम अस्फटिकी ओपल म्हणून साचते आणि कालांतराने क्वॉर्ट्‌झमध्ये पालटते, असा क्रम बराच काळ सर्वमान्य होता. अलीकडे काही अभ्यासकांनी एकाच खोडात ओपल, कॅल्सेडोनी व स्फटिकी क्वॉर्ट्‌झ निरनिराळ्या वेळी थेट साचल्याचे दाखवले आहे. एकाच नमुन्यात रंग व पारदर्शकता पट्ट्यापट्ट्यांनी बदलते, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. या क्रियेला लाखो वर्षे लागलीच पाहिजेत असेही नाही. जपानमधील सिलिकायुक्त उष्ण झऱ्याच्या पाण्यात लाकडात काही वर्षांतच लक्षणीय सिलिका साचल्याची नोंद आहे.

वय व भूवैज्ञानिक स्थान : दक्षिण ट्रॅपच्या, म्हणजे दख्खन पठारावरील थिजलेल्या लाव्हाच्या (बेसाल्टाच्या) थरांच्या प्रदेशात अश्मीभूत लाकूड मिळते ते प्रामुख्याने लाव्हाच्या दोन प्रवाहांमधील गाळाच्या थरांत, म्हणजे अंतरा-ट्रॅपी थरांत. एक प्रवाह थिजल्यानंतर पुढचा येईपर्यंत त्याच्या पाठीवर तळी साचली, माती बनली, झाडे वाढली. तळ्यांच्या गाळात गाडलेल्या खोडांना बेसाल्टाच्या अपक्षयातून (हवापाण्याने झिजण्यातून) सुटलेली सिलिका मिळाली. नागपूरजवळच्या टाकळी येथील वनस्पतिजीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केले. पुढे पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी मध्य भारतातील या वनस्पतींचा पद्धतशीर अभ्यास केला.

हे थर क्रिटेशस कालाचे (डायनोसॉरांच्या अखेरच्या कालाचे) की त्यानंतरच्या तृतीयक कालाचे, हा वाद दीर्घकाळ चालला. साहनी यांनी १९३४ च्या सुमारास तृतीयक कालाचा पक्ष हिरिरीने मांडला. तालवृक्षांचे प्राबल्य हा त्यांचा एक मुख्य आधार होता. जुने भूवैज्ञानिक क्रिटेशसकडे झुकत. आर्गॉन समस्थानिके व झिर्कॉन यांवरून काढलेल्या वयांनी हा वाद बराचसा मिटवला आहे. मुख्य उद्रेक सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे दोन्ही कालांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले ठरतात. इगतपुरी व कळसूबाई भागातील थर (कळसूबाई उपगट) लाव्हाथरांच्या ढिगाच्या तळाकडचे असल्याने ते सीमेच्या थोडे आधीचे मानले जातात.

पूर्वेकडे, म्हणजे नागपूर, छिंदवाडा, मंडला, दिंडोरी या पट्ट्यात अंतरा-ट्रॅपी थर विपुल आहेत. दिंडोरी जिल्ह्यातील घुघुवा येथील जीवाश्म उद्यान याच थरांतील लाकडाचे आहे. पश्चिमेस मुंबईतील थरांचा अपवाद वगळता ते विरळ होत जातात. नाशिकच्या घाटांत आणि खाणींत दोन प्रवाहांमध्ये बहुधा दिसतो तो भाजलेल्या तांबड्या मातीचा पातळ थर. त्यात तळ्याचा सिलिकामय गाळ नसतो, म्हणून खोडे टिकण्यास तो अनुकूल नाही. नाशिकमध्ये मिळालेल्या ‘लाकडा’कडे साशंकतेने पाहावे लागते, त्याचे मुख्य कारण हे. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा परिसर, जैसलमेरजवळचे आकल व तमिळनाडूतील तिरुवक्करै येथील खोडे निराळ्या, अवसादी खडकांतील आहेत; त्यांवरून नाशिकविषयी अनुमान काढता येत नाही.

साम्य असलेले खडक व खनिजे : सर्वाधिक फसगत होते ती नळीसारख्या पोकळ्यांमुळे. लाव्हाप्रवाहाच्या तळाशी काही मिलिमीटर ते काही सेंटीमीटर जाडीच्या उभ्या नळ्या ओळीने आढळतात. त्या झिओलाइट (बेसाल्टाच्या पोकळ्यांत बनणारी पाणीयुक्त सिलिकेट खनिजे), कॅल्साइट किंवा कॅल्सेडोनीने भरलेल्या असतात, प्रवाहाच्या दिशेने किंचित वाकलेल्या असतात आणि कधीकधी दोन नळ्या वर जाऊन एकत्र मिळतात. खडक झिजला की त्या मोकळ्या होऊन फांद्यांच्या तुकड्यांसारख्या दिसतात. ओल्या जमिनीतील वाफ वर शिरल्याने त्या झाल्या असे पूर्वी मानत. आता तळाकडून थिजत येणाऱ्या लाव्हातून सुटलेल्या वायूंनी त्या घडल्या, या मताकडे कल आहे. दोन्ही मतांनुसार त्या वायूच्या वाटा आहेत, फांद्या नव्हेत. अशी नळी आडवी तोडून पाहिल्यास द्रव्य कडेकडून मध्याकडे थराथराने साचलेले दिसते, आणि पुष्कळदा मधोमध लहान पोकळी व स्फटिकांची टोके राहिलेली असतात.

दुसरा गट तंतुमय झिओलाइटांचा. पांडवलेणी डोंगराच्या परिसरातील खाणी झिओलाइटे व अपोफायलाइट यांसाठी जगभरच्या खनिजसंग्राहकांना माहीत आहेत. सिन्नरजवळ माळेगाव औद्योगिक वसाहतीतील गारगोटी संग्रहालयात अशा खनिजांचे उत्तम नमुने पाहावयास मिळतात; लाकडाशी तुलना करू इच्छिणाऱ्याने ते आधी पाहावेत. स्कोलेसाइट या तंतुमय झिओलाइटाचा फुटलेला तुकडा दुरून पांढऱ्या, रेषाळ लाकडासारखा वाटतो. भिंगातून मात्र त्याचे तंतू एका बिंदूतून पंख्यासारखे पसरलेले आणि काचेसारखे ते रेशमासारखे चमकणारे दिसतात. खोडातील तंतू असे एका बिंदूपाशी जमत नाहीत. ते एकमेकांना समांतर धावतात आणि गाठीपाशी वळसा घेतात.

दोरखंडासारखे पीळ पडलेला लाव्हाचा पृष्ठभाग, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटणारे गोलाकार अपक्षय झालेले बेसाल्ट आणि स्तंभाकार सांध्यांचा बेसाल्ट यांना खोड म्हणणे ही आकारावरून होणारी चूक असून ती लवकर दुरुस्त होते. लोहयुक्त पाणी झिरपून बनलेली तपकिरी वलये अधिक फसवी. मँगॅनीज ऑक्साइडाच्या झाडासारख्या नक्षीला (बांदा येथील केन नदीतल्या प्रसिद्ध शजर दगडात हीच असते) वनस्पतीचा ठसा समजणे ही जुनी व अजून चालू असलेली चूक होय.

गोदावरीच्या जुन्या गाळाचा प्रश्न वेगळा आहे. गंगापूर येथील या गाळातील पुराश्मयुगीन हत्यारांमुळे तो पुरातत्त्वज्ञांना परिचित असून, हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी त्यांविषयीचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. या गाळातील चुनखड्या (कंकर) कधीकधी मुळांभोवती साचून नळीच्या आकाराच्या होतात. वनस्पतीशी त्यांचा संबंध खरा आहे, तरी त्यांत लाकडाची रचना उरलेली नसते. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी हत्तीचे जीवाश्म मिळाले. अश्मीभूत हाड व सुळा यांचे तुकडे लाकडासारखे दिसत असल्याने येथे उलट चूकही घडू शकते. हाडाच्या आडव्या छेदात बाहेर घट्ट कवच आणि आत अनियमित जाळी दिसते. सुळ्यात एकमेकींना छेदणाऱ्या बाकदार रेषा असतात.

कसोट्या : सिलिकामय लाकडाची कठिनता सु. ७, त्यामुळे त्यावर चाकूचा चरा उठत नाही आणि त्याने काचेवर चरा उठतो. कॅल्साइट व स्टिल्बाइट (एक झिओलाइट) चाकूला सहज बधतात, स्कोलेसाइट कष्टाने. सिलिकामय लाकडाचे विशिष्ट गुरुत्व सु. २.६, बेसाल्टाचे सु. २.८ ते ३.० आणि बहुतेक झिओलाइटांचे २.१ ते २.३ असते, सरावलेल्या हाताला हा फरक जाणवतो. सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब टाकल्यास कॅल्साइट व कंकर फसफसतात. दोऱ्याला टांगलेले प्रभावी चुंबक बेसाल्टाकडे किंचित ओढले जाते.

या साऱ्या कसोट्या नकारात्मक आहेत, म्हणजे त्यांनी नमुना लाकूड नाही एवढेच ठरू शकते, लाकूड आहे हे नाही. नदीच्या गोट्यांत मिळणारे पट्टेदार जॅस्पर व अकीक हेही सिलिकाच असल्याने ते कठिनतेत, वजनात व अम्लाच्या चाचणीत लाकडाशी तंतोतंत जुळतात. तेथे निर्णय करते ती फक्त कोशिकांची रचना. त्यासाठी तुकड्याचे टोक धुऊन, ओले ठेवून, दहापट भिंगातून तिरप्या उन्हात पाहावे. द्विदलिकित झाडाच्या आडव्या छेदात वाहिकांची (पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची) बारीक भोके आणि त्यांच्यामधून केंद्राकडून परिघाकडे जाणारे सरळ, अरुंद काष्ठकिरण दिसतात. अकिकाच्या पट्ट्यांना असे छेदणारे किरण नसतात. वार्षिक वलयांवर विसंबू नये, कारण उष्ण प्रदेशातील अनेक झाडांत ती अस्पष्ट असतात आणि तालवृक्षांत नसतातच. अंतरा-ट्रॅपी थरांत विपुल असलेल्या तालकाष्ठाच्या (पाल्मोझायलॉन) आडव्या छेदात विखुरलेले गडद ठिपके दिसतात. ते वाहक वृंद (पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे) असून खोडाच्या कडेला दाट व मध्याकडे विरळ होत जातात. उभ्या छेदात हेच ठिपके समांतर काड्या होतात. बुडबुड्यांच्या भरलेल्या पोकळ्याही आडव्या छेदात ठिपक्यांसारख्या दिसतात, पण उभ्या छेदात त्या गोल किंवा बदामी राहतात. म्हणून दोन्ही छेद पाहिल्याशिवाय नाव देऊ नये.

अंतिम निश्चितीसाठी आडवा, अरीय व स्पर्शीय अशा तीन दिशांनी पातळ छेद घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. प्रजाती ठरविण्याचे काम पुरावनस्पतिशास्त्रज्ञांचे आहे. लखनौ येथील बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था हे त्याचे देशातील प्रमुख केंद्र होय. नमुना कोणत्या थरातून आला याची नोंद नसल्यास छेदाचे निम्मे मोल जाते. नदीपात्रातून उचललेल्या गोट्याबाबत तर तो वाहून कोठून आला हे बहुधा सांगता येत नाही. म्हणून नमुना जागेवरून हलवण्यापूर्वी वरच्या व खालच्या प्रवाहाची, तांबड्या थराची आणि नमुन्याच्या दिशेची छायाचित्रे घ्यावीत, आणि खाण चालू असल्यास त्याच दिवशी घ्यावीत.