टेकडीवरचं घर घेताना: वॉशिंग्टन राज्याचा कायदा ‘धोक्याची जमीन’ कशाला म्हणतो

सिएटलजवळच्या इसाक्वा, सॅमामिश, न्यूकॅसल, बेलव्ह्यू या भागांत घर किंवा प्लॉट बघताना कागदपत्रांत ‘जिऑलॉजिकली हॅझर्डस एरिया’ (भूगर्भीय धोक्याचं क्षेत्र) असं दिसलं की आमच्याकडे येणारे ग्राहक दोनच गोष्टी विचारतात. ही टेकडी खचणार का? आणि इथे बांधायला बंदी आहे का? दोन्हींचं सरळ हो-नाही उत्तर कायद्यात मिळत नाही, म्हणून हे पत्रक.

1990 च्या ग्रोथ मॅनेजमेंट ॲक्टनुसार (शहरवाढीच्या नियोजनाचा राज्याचा कायदा) राज्यातल्या प्रत्येक शहराने आणि काउंटीने अशा जमिनी ठरवायच्या असतात. धूप, दरड, भूकंप किंवा तत्सम भूगर्भीय घटनांमुळे जिथे घरं, दुकानं, कारखाने उभारणं लोकांच्या सुरक्षेला धरून नाही, अशी जमीन म्हणजे धोक्याचं क्षेत्र, असा त्या व्याख्येचा आशय आहे. बांधकाम करायचंच असेल तर धोका योग्य आराखड्याने कमी होतो, हे तुम्हाला भूतांत्रिक अहवालातून (जमिनीच्या थरांच्या आणि उताराच्या तपासणीतून) दाखवावं लागतं. ते दाखवता आलं नाही, तर तिथे न बांधणंच बरं.

सगळ्यात जास्त घोळ उताराचा होतो. राज्याच्या मार्गदर्शक नियमांत 40 टक्के किंवा जास्त उतार आणि किमान 10 फूट उंची असेल, तर खडकाळ जागा सोडून ती जमीन दरडीच्या धोक्यात मोजतात. 40 टक्के म्हणजे 40 अंश नव्हे. दर 10 फूट आडव्या अंतराला 4 फूट चढ, म्हणजे जेमतेम 22 अंश. इथली कितीतरी बॅकयार्ड या मापात बसतात.

पण याहून सौम्य उतारही व्याख्येत येतो, आणि आम्हाला काळजी त्याचीच जास्त वाटते. उतार 15 टक्क्यांहून अधिक, पाणी झिरपू देणाऱ्या थराखाली पाणी अडवणारा थर, आणि जागेवर झरा किंवा पाझर: हे तिन्ही एकत्र आले की पुरे. हिमयुगातल्या बर्फाच्या थरांमुळे सिएटलच्या परिसरात वाळूखाली चिकणमाती अशी रचना ठिकठिकाणी आहे. हिवाळ्यातला पाऊस वाळूतून उतरतो, मातीवर अडतो आणि उतारातून बाहेर पडतो. जमीन सरकते ती बहुधा तिथेच. गेल्या 10,000 वर्षांत सरकलेली जमीनही व्याख्येत येते, मग आज तिच्यावर कितीही दाट झाडी असो.

ही 10,000 वर्षांची अट वाचायला विचित्र वाटेल, पण ती फार महत्त्वाची आहे. दरड म्हटलं की आपल्याला जुलै 2014 मधलं माळीण आठवतं. त्याच वर्षी 22 मार्चला इथे वॉशिंग्टनमध्ये ओसो गावाजवळची टेकडी कोसळून 43 माणसं गेली. तीच टेकडी 2006 मध्येही सरकली होती.

भूकंपात पातळ होणारी मोकळी, ओली माती, माउंट रेनियर या ज्वालामुखीवरून चिखलाचे लोंढे येऊ शकतील अशी ऑर्टिंगसारखी खोरी आणि न्यूकॅसल-रेंटनकडच्या जुन्या कोळसा खाणींवरची जमीन यांचे प्रकार वेगळे, नियमही वेगळे.

शहराच्या नकाशावर तुमचा प्लॉट रंगवलेला नाही, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. बऱ्याच शहरांच्या नियमांत नकाशा फक्त दिशादर्शक असतो. जागेवरची परिस्थिती व्याख्येत बसली की नियम लागू होतो. उताराच्या कडेपासून सोडायचं अंतर शहरागणिक बदलतं, आणि त्या पट्ट्यात डेक, भिंत, इतकंच काय झाड तोडायलाही परवानगी लागू शकते.

विक्रेत्याचा फॉर्म 17 (मालमत्तेबद्दल त्याला असलेली माहिती जाहीर करणारा फॉर्म) नीट वाचा. तो हातात आल्यावर साधारणपणे तीन कामकाजी दिवसांत तुम्हाला व्यवहारातून मागे फिरता येतं. घराच्या नेहमीच्या विम्यात जमीन सरकल्याचं नुकसान सहसा धरत नाहीत, तेही आधीच विचारून घ्या.

आम्हाला जागा दाखवायची असेल, तर जुने अहवाल आणि सर्व्हे सोबत ठेवा. शक्य असेल तर भेट नोव्हेंबर ते मार्चमध्ये ठरवा. कोरड्या ऑगस्टमध्ये बरेचसे पाझर दिसतच नाहीत.