हातसूज, स्तनशस्त्रक्रियोत्तर

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत काखेतील लसीका ग्रंथी काढल्यावर किंवा त्या भागाला किरणोपचार दिल्यावर त्याच बाजूच्या हातात लसीका (ऊतींतून गोळा होऊन वाहणारा पातळ द्रव) साचून येणारी सूज. वैद्यकात हिला लसीकाशोफ म्हणतात. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत अनेकींना थोडी सूज येऊन ओसरते, ती निराळी. ही सूज बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उद्‌भवते आणि टिकून राहते.

कारणमीमांसा : हिच्या मूळ कारणाविषयी शतकभर मतभेद आहेत. अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८२ च्या सुमारास स्तन, छातीचे स्नायू व काखेतील ग्रंथी एकत्र काढण्यास आरंभ केला आणि १८९४ मध्ये ५० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १९२१ मध्ये त्यांनी या सुजेला ‘शस्त्रक्रियाजन्य हत्तीरोग’ म्हटले व मुख्य दोष जंतुसंसर्गाला दिला. पुढील अभ्यासकांनी वाहिन्या तुटल्याने होणाऱ्या अडथळ्यावर भर दिला. मात्र सारख्याच शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य स्त्रियांना सूज का येत नाही, आणि येते त्यांना ती महिन्यांनी वा वर्षांनी का येते, हे अडथळ्याच्या मताने उलगडत नाही. लसीकावाहिन्या स्वतः आकुंचन पावून लसीका वर ढकलतात. जादा भाराने त्यांची ही शक्ती हळूहळू थकते, हे अलीकडचे मत निरीक्षणांशी अधिक जुळते. हॉल्स्टेड यांचे मतही सर्वस्वी त्याज्य नाही, कारण त्वचेखालील जंतुसंसर्गाने सूज वाढते, हे मान्य आहे.

गोव्यात ‘हत्तीरोग’ या जुन्या नावामुळे एक खुलासा आवश्यक ठरतो. हा प्रदेश डासांवाटे पसरणाऱ्या हत्तीरोगाच्या क्षेत्रांत गणला गेला आहे. तो कृमिजन्य रोग. त्याच्या गोळ्यांचा या सुजेवर उपयोग नाही, आणि ही सूज कोणाला लागतही नाही.

प्रमाण : २०१३ च्या एका संकलित आढाव्यानुसार काखेतील ग्रंथींचा समूह काढलेल्या पाचांपैकी सुमारे एका स्त्रीला, तर केवळ प्रहरी ग्रंथी (स्तनातील लसीका सर्वांत आधी जिथे पोचते त्या) काढलेल्या शंभरांपैकी पाच-सहा जणींना ही सूज येते. स्थूलता व किरणोपचारांनी धोका वाढतो.

हाताचा वापर : ‘त्या हाताने काही उचलू नका’ हा सल्ला अडथळ्याच्या मतातून रूढ झाला आणि त्याने असंख्य स्त्रियांचे खांदे आखडले. सूज असलेल्या १४१ स्त्रियांवरील, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत हळूहळू वाढवलेल्या वजनांच्या व्यायामाने सूज वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग घटले. आता बोटांची व कोपराची हालचाल शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून आणि खांद्याच्या वर हात नेणे साधारणतः जखमेतील नळी काढल्यावर सुरू करतात. घरकामही याच क्रमाने परत यावे : आधी केस विंचरणे, मग धुण्याला पिळे घालणे व विळीवर खोबरे खवणे, भरलेली कळशी सर्वांत शेवटी. हे घरच्या माणसांनीही समजून घ्यावे. तिला कायमची बसवून ठेवणे ही माया असली, तरी उपचार नव्हे.

उपचार : त्वचेची निगा, हलक्या हाताने मर्दन, दाबपट्ट्या व व्यायाम असे चार भाग. यांपैकी मर्दनाच्या स्वतंत्र उपयोगाबद्दल एकमत नाही. दाबाचा उपयोग निर्विवाद आहे. मूत्रल (लघवी वाढवणाऱ्या) औषधांनी लाभ होत नाही. गोव्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, दाबबाही (हातावर घट्ट बसणारी लवचीक बाही) दिवसभर घालणे कठीण जाते. दोन बाह्या आलटून पालटून धुऊन वापरणे व बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे श्रेयस्कर.

ओळख : काकणे वा अंगठी घट्ट होणे, ब्लाऊजची एकच बाही रुतणे, हात जड वाटणे. दोन्ही हातांच्या घेरात २ सेंमी.चा फरक पडल्यास सूज धरतात. हात लाल व गरम होऊन ताप आल्यास तो जंतुसंसर्ग असतो. त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू करावे लागते.