उष्ण कटिबंधातील यॉट चार्टर

शिडाची नौका ठरावीक दिवसांसाठी भाड्याने घेऊन बेटाबेटांतून फिरणे म्हणजे यॉट चार्टर. भाडे बहुधा आठवड्याच्या हिशेबाने ठरते. नुसती नौका घेऊन ती स्वतःच हाकायची असेल तर ते ‘बेअरबोट’ चार्टर. सोबत पगारी कप्तान घेता येतो, किंवा कप्तानापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्या ताफ्यासह नौका घेता येते. कॅरिबियन समुद्रातील ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स व ग्रेनेडीन्स, हिंदी महासागरातील सेशेल्स, थायलंडमधील फुकेत, ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगतची व्हिटसंडे बेटे आणि फ्रेंच पॉलिनेशियातील रायातेआ ही या पर्यटनाची नावाजलेली केंद्रे आहेत. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधील टॉर्टोला बेटावर १९६९ मध्ये चार्ली आणि जिनी कॅरी या दांपत्याने ‘द मूरिंग्ज’ ही कंपनी काढली आणि बेअरबोटचा धंदा तिथे रुजला. जागाही त्याला साजेशी होती. बेटांच्या दोन रांगांमधून जाणारा सर फ्रान्सिस ड्रेक चॅनेल महासागराच्या लाटांपासून बराच सुरक्षित आहे आणि पुढचे बेट जवळपास नेहमीच डोळ्यांसमोर असते.

अशा सहलीची आखणी वाऱ्यापासून सुरू करावी लागते. पाहायच्या ठिकाणांची यादी आधी करून वारा नंतर बघणारे लोक निम्मी सुट्टी इंजिनाच्या घरघरीत घालवतात. कॅरिबियनमध्ये डिसेंबर ते मे पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. त्यांचा वेग साधारण १५ ते २० नॉट, म्हणजे ताशी तितके सागरी मैल, असतो. नाताळाच्या सुमारास ते आणखी जोर धरतात, म्हणून तिथले खलाशी त्यांना ‘ख्रिसमस विंड्स’ म्हणतात. नवख्यांनी हे दिवस टाळलेले बरे. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असून त्याचा कळस सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो. ६ सप्टेंबर २०१७ रोजी ‘इर्मा’ ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सवर आदळले. टॉर्टोलाच्या पॅराकीटा उपसागरात आसऱ्याला बांधून ठेवलेल्या चार्टर नौकाही एकमेकींवर चढल्या. हंगाम नुकताच लागला आहे, म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही: १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ने ग्रेनेडीन्समधील कॅरियाकू बेट उद्ध्वस्त केले. या महिन्यांत भाडे उतरते, पण पैसे भरण्याआधी करारातील वादळाचे कलम शब्द न् शब्द वाचले पाहिजे.

इतर समुद्रांचे वेळापत्रक निराळे. फुकेतला नोव्हेंबर ते एप्रिल हा ईशान्य मोसमी वाऱ्यांचा काळ उत्तम. व्हिटसंडेत नेमक्या याच महिन्यांत चक्रीवादळे येतात, शिवाय विषारी जेलीफिशमुळे पाण्यात उतरताना अंगभर सूट घालावा लागतो. सेशेल्सची मुख्य बेटे चक्रीवादळांच्या पट्ट्याबाहेर आहेत. तिथे मे ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा जोरात असतो. दोन मोसमांच्या सांध्यावर, विशेषतः एप्रिलमध्ये, समुद्र शांत असतो, मात्र तेव्हा शिडात भरायला वाराही कमीच.

वाऱ्याची दिशा कळली की मार्ग आपोआप सुचतो. शिडाची नौका वाऱ्याच्या थेट समोर जाऊ शकत नाही. दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांचा कोन राखत तिला नागमोडी जावे लागते, त्यामुळे १० सागरी मैलांचे अंतर १४ मैलांचे होते. म्हणून अंगात उत्साह असताना, सुरुवातीच्या एकदोन दिवसांत, ज्या दिशेकडून वारा येतो त्या बाजूचे बेट गाठावे आणि उरलेला आठवडा वारा पाठीशी घेऊन परतावे. ग्रेनेडीन्सची रांग उत्तर-दक्षिण पसरलेली असल्याने वारा बाजूने मिळतो. एका टोकाला नौका घेऊन दुसऱ्या टोकाला सोडण्याची सोयही तिथे असते, पण त्याचे वेगळे पैसे पडतात. वाटेत सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडा या दोन देशांची हद्द लागते, तेव्हा कस्टम व इमिग्रेशनसाठी अर्धा दिवस हाताशी ठेवावा. नौका ताशी ५ ते ७ सागरी मैल जाते. दिवसाला १० ते २० मैल पुरे.

वाऱ्याइतकेच महत्त्व उन्हाला आहे. प्रवाळाच्या समुद्रात नकाशा आणि जीपीएस यांवर सर्वस्वी विसंबता येत नाही. पाण्याचा रंग वाचावा लागतो. गडद निळे म्हणजे खोल पाणी, फिकट हिरवे म्हणजे उथळ वाळू, तपकिरी किंवा पिवळसर म्हणजे अगदी वरपर्यंत आलेले प्रवाळ. गवताचा काळसर डाग आणि प्रवाळाचा डाग यांत फसगत होते, आणि ढगाची सावली दोघांनाही लपवते. हे रंग सूर्य उंच आणि पाठीमागे असतानाच दिसतात. उन्ह समोरून आले की पाणी नुसते चांदीसारखे चकाकते आणि खालचे काहीच कळत नाही. म्हणून पाण्यावरची चकाकी कमी करणारा पोलरॉइड चष्मा लावून एकाने नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, उभे राहायचे आणि दुपारी तीन-चारच्या आत मुक्काम गाठायचा. उष्ण कटिबंधात संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. अनेक करारांत सूर्यास्तानंतर नौका चालवायला मनाईच असते. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधील व्हर्जिन गोर्डा बेटाच्या उत्तरेला सुमारे १५ मैलांवरचे अनेगाडा हे याचे ठळक उदाहरण. हे सपाट चुनखडीचे बेट उंचीला जेमतेम ८ मीटर आहे, त्यामुळे दुरून दिसतच नाही, आणि त्याच्याभोवती हॉर्सशू रीफ या प्रवाळभिंतीचा मोठा विळखा आहे. तिथे जायचे तर सकाळी लवकर निघावे.

मुक्कामाला आयती मूरिंग बोया (तळाशी पक्की बांधलेली तरंगती खूण) मिळाली तर दोर तिच्यात ओवला की काम झाले. बोया नसेल तर नांगर, तोही वाळूतच. प्रवाळावर पडलेली साखळी नौकेबरोबर फिरत राहते आणि रात्रभरात कित्येक वर्षांची वाढ भुगा करते, हे कोणत्याही कारणाने क्षम्य नाही. साखळीचा हिशेब सोपा आहे: पाणी ५ मीटर खोल आणि नाळ पाण्यापासून दीड मीटर उंच, म्हणजे साडेसहा मीटर. त्याच्या निदान पाचपट, सुमारे ३३ मीटर साखळी सोडावी. मग इंजिनाने नौका हळूहळू मागे घेऊन साखळीला ताण द्यावा, किनाऱ्यावरची दोन झाडे एका रेषेत धरून नौका सरकत नाही ना ते पाहावे, आणि शेवटी गॉगल लावून पोहत जाऊन नांगराचे टोक वाळूत रुतले आहे का ते डोळ्यांनी बघावे. हे शेवटचे काम कंटाळ्यापोटी टाळले जाते आणि पहाटे तीनच्या सरीत महागात पडते.

नौका निवडताना दोन सांगाड्यांची कॅटामरान की एका सांगाड्याची मोनोहल, हा प्रश्न येतो. कॅटामरान कलत नाही, प्रशस्त असते आणि तिला दीड मीटरच्या आसपास खोली पुरते. मोनोहल समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे सरस चढत जाते आणि स्वस्त पडते. कुटुंबात पहिल्यांदाच समुद्रावर येणारे असतील तर कॅटामरानच बरी. परवान्याचे नियम जागोजाग वेगळे आहेत: व्हिटसंडेत परवाना लागत नाही, कंपनी प्रात्यक्षिक घेऊन नौका हवाली करते. इतरत्र बहुधा प्रमाणपत्र किंवा अनुभवाचा तपशील मागतात. अनुभवाबद्दल शंका असेल तर निदान पहिले दोन दिवस कप्तान घ्यावा.

गोड्या पाण्याची टाकी मर्यादित असते, म्हणून भांडी आधी समुद्राच्या पाण्यात विसळतात. किराण्याचे पुठ्ठ्याचे खोके धक्क्यावरच ठेवावेत, त्यांतून झुरळे येतात. प्रवाळातले मोठे मासे, विशेषतः बॅराकुडा, पकडून खाऊ नयेत. त्यांतून सिग्वाटेरा ही विषबाधा होते आणि शिजवूनही ते विष जात नाही.

शेवटची रात्र कंपनीच्या तळापासून तास-दीड तासाच्या अंतरावर काढावी, कारण नौका सहसा दुपारच्या आत परत द्यायची असते. आल्यावर पाणबुड्या खाली उतरून कील (नौकेच्या बुडाखालचा कणा), सुकाणू आणि पंखा तपासतो आणि त्यानंतर अनामत रक्कम मोकळी होते. नौका कुठे घासली असेल तर तो उतरण्याआधीच सांगून टाकावे. पुढच्या आठवड्यात त्याच सुकाणूच्या भरवशावर दुसरे कुणीतरी समुद्रात जाणार असते.