साथ न येण्याचा पुरावा

साथ रोखली गेली तर तिची बातमी होत नाही. आरोग्य विभागाचं काम चोख झालं की ते दिसेनासं होतं, आणि निधीला कात्री लावायची वेळ आली की आधी अशाच खात्याचा नंबर लागतो. अमेरिकेतली सार्वजनिक आरोग्याची घडी विस्कटली आहे, असं तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 1988 सालीच बजावलं होतं. तरीही शहरांचे आणि काउंट्यांचे (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांचे) आरोग्य विभाग कसे चालतात, हे बाहेरून तपासणारी देशभराची व्यवस्था उभी राहायला बरीच वर्षं गेली. 2007 मध्ये त्यासाठी पब्लिक हेल्थ अ‍ॅक्रेडिटेशन बोर्ड स्थापन झालं. 2011 मध्ये अर्ज घेणं सुरू झालं आणि फेब्रुवारी 2013 मध्ये पहिल्या 11 विभागांना मानांकन मिळालं.

आपल्याकडे कॉलेजांची नॅकची तपासणी असते, साधारण तसाच हा प्रकार. तो ऐच्छिक आहे. तपासायला इतर आरोग्य विभागांतलेच अनुभवी लोक येतात आणि मानांकन पाच वर्षं टिकतं.

तपासतात काय? समजा, रात्री दोन वाजता एखाद्या डॉक्टरला मेंदूज्वराचा संशयित रुग्ण सापडला. त्या वेळी विभागात फोन कोण उचलतं? पुढे कुणाला कळवायचं, हे लिहून ठेवलंय का? आणि असा फोन खरंच आला होता तेव्हा काय केलं, त्याची नोंद आहे का? नुसतं ‘आम्ही करतो’ म्हणून भागत नाही. कागदावर तारीख हवी, तो विभागाचाच आहे हेही दिसायला हवं. शिवाय परिसराच्या आरोग्याची पाहणी, सुधारणेचा आराखडा आणि विभागाचं स्वतःचं धोरण ही पायाभूत कागदपत्रं असतातच.

मोठ्या शहराला हे जमतं. पण जिथे मोजक्या नर्सेस लसीकरण, क्षयरोग आणि हॉटेलांची तपासणी असं सगळंच सांभाळतात, तिथे हे कागद जुळवायला बसणार कोण? गरज सगळ्यात जास्त तिथेच, आणि हात सगळ्यात कमीही तिथेच. म्हणून मानांकनाच्या जोडीने मदतीच्या योजना आल्या. स्थानिक विभागांना त्यांची राष्ट्रीय संघटना छोटी अनुदानं देऊ लागली. मूलनिवासी अमेरिकनांच्या आदिवासी राष्ट्रांसाठी नॅशनल इंडियन हेल्थ बोर्डाने तशीच योजना आखली.

आदिवासी राष्ट्रांचा प्रश्न मात्र नुसत्या मनुष्यबळाचा नाही. संघराज्य सरकारने मान्यता दिलेली अशी साडेपाचशेहून अधिक राष्ट्रं आहेत आणि त्यांना स्वतःचं शासन आहे. 1975 च्या कायद्याने आरोग्यसेवा स्वतःच्या हाती घेण्याची मुभा त्यांना मिळाली. पण प्रत्यक्षात एकाच वस्तीत थोडं काम राष्ट्राचा विभाग करतो, थोडं केंद्राची इंडियन हेल्थ सर्व्हिस, थोडं राज्य आणि थोडं काउंटी. मदतीचं पहिलं काम म्हणजे या सगळ्यांना एका टेबलाशी बसवून कोणतं काम कुणाचं हे ठरवणं. ते झाल्याशिवाय रात्री दोनच्या फोनचं उत्तर सापडत नाही.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे आकडे. अमेरिकेत मृत्यूच्या दाखल्यावर वंशाची नोंद बहुधा अंत्यविधी करणाऱ्या संस्थेचा माणूस करतो. त्याने घरच्यांना न विचारता चेहरा किंवा आडनाव पाहून ‘श्वेतवर्णीय’ लिहिलं, की एक मूलनिवासी मृत्यू हिशेबातून गळतो. अशा चुकांमुळे मधुमेहासारख्या आजारांनी होणारे मृत्यू आहेत त्यापेक्षा कमी दिसतात. मग पाहणी कशाच्या आधारावर करायची? 12 आदिवासी साथरोग केंद्रं हे आकडे दुरुस्त करायला झटतात. 2010 च्या कायद्याने त्यांना सार्वजनिक आरोग्य यंत्रणेचा दर्जा दिला. तरीही माहिती मिळवताना त्यांना अडथळे येतात, असं अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2022 मध्ये नोंदवलं. मला हा अन्याय वाटतो. परीक्षा घ्यायची आणि पुस्तक कपाटात कुलूपबंद ठेवायचं, हे चालणार नाही.

अशाही परिस्थितीत ओक्लाहोमातल्या चेरोकी नेशनने 2016 मध्ये मानांकन मिळवलं. आदिवासी राष्ट्रांमधलं ते पहिलं. त्यानंतरचीही हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच.

मानांकनाने आजार कमी होतात का? मानांकन मिळालेल्या बहुतेक विभागांनी कामातल्या उणिवा शोधून दुरुस्त करायची सवय लागल्याचं सांगितलं आहे. पण हे त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे आणि रुग्णसंख्येशी थेट धागा जोडणं कठीण आहे. तरीही मानांकनाच्या तयारीसाठीची ही मदत मला मोलाची वाटते. मानांकनाची पाटी दारावर लागो न लागो, तारखेसह नोंद ठेवायची शिस्त आणि रात्रीचा फोन उचलणारा माणूस विभागाकडे राहतो. मानांकन देणाऱ्या बोर्डानेही 2022 पासून छोट्या विभागांसाठी मानांकनाच्या आधीचा एक टप्पा ठेवला आहे: पायाभूत क्षमता तपासून तेवढ्यापुरती मान्यता. आता राज्यांनी आणि केंद्राने आदिवासी राष्ट्रांना त्यांच्याच माणसांचे आकडे वेळेवर द्यायला हवेत.