शॅमेलिऑनचं घर: काच नको, जाळी हवी

पावसाळ्यात ठाण्याच्या फ्लॅटमध्ये धुतलेली चादर दोन-दोन दिवस वाळत नाही. अशा हवेत काचेच्या बंद पेटीत शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, ठेवला आणि वर दिवसातून तीनदा पाणी फवारलं, तर कोंडलेल्या ओलसर हवेत जिवाणू आणि बुरशी फोफावतात आणि त्याच्या फुप्फुसांना संसर्ग होतो. हा प्राणी आजार लपवतो. कळतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून माशांची जुनी टाकी कितीही चांगली दिसली तरी यासाठी वापरू नका.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. आपल्या जंगलांतला भारतीय शॅमेलिऑन वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहे. त्याला पकडणं, विकणं, घरी ठेवणं हा गुन्हा आहे. येऊरच्या जंगलातल्या रस्त्यावर जखमी दिसला, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पाळला जातो तो प्रामुख्याने येमेन आणि सौदी अरेबियातला व्हेल्ड शॅमेलिऑन. २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागदपत्रं नसतील, तर प्राणी घेऊच नये.

त्याच्या मूळ मुलखात रात्री गारवा आणि दव, दिवसा कोरडी हवा आणि ऊन असतं. शरीर स्वतः ऊब निर्माण करत नाही, म्हणून तो उन्हात जातो, सावलीत सरकतो. घराने त्याला हीच निवड द्यायची असते. पूर्ण वाढलेल्याला किमान दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच पिंजरा लागतो. उंची महत्त्वाची, कारण तो झाडावरचा प्राणी आहे. जाळी प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या धातूची घ्या. खिडकीला लावतो ती मच्छरदाणीची नायलॉन जाळी त्याला खायला सोडलेले रातकिडे कुरतडतात, शिवाय तिच्यात त्याची नखं अडकतात.

वरच्या एका कोपऱ्यात, जाळीच्या बाहेर, उष्णतेचा बल्ब लावा. त्याखालच्या फांदीवर २९ ते ३२ अंश सेल्सिअस पुरेत. खालचा भाग चांगलाच थंड राहिला पाहिजे. मे महिन्यात मात्र आपली खोलीच एवढी तापते. तेव्हा थर्मोस्टॅट नसलेला बल्ब जीवघेणा ठरू शकतो. प्राणी तोंड उघडं ठेवून बसला, तर बल्ब लगेच बंद करा.

अतिनील-बी किरणांची नळी वेगळी लागते. त्या किरणांशिवाय त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम हाडांत जात नाही आणि हाडं मऊ पडून वाकतात. खिडकीतून येणारं ऊन इथे उपयोगाचं नाही, कारण काच हे किरण अडवते. नळीतून प्रकाश येत राहतो, पण तिचे अतिनील किरण कमी होत जातात, म्हणून ती सहा ते बारा महिन्यांनी बदलावी.

वाटीतलं साचलेलं पाणी त्याला सहसा पाणी म्हणून ओळखूच येत नाही. तो पानांवरचे थेंब चाटतो. आत मनीप्लांट, जास्वंद लावा. विषारी कण्हेर अजिबात नको. जुलैत फवारणी कमी करा आणि दोन फवारण्यांमध्ये पानं पूर्ण वाळतात का, ते बघा. वाळत नसतील तर खोलीतला पंखा लावा, पण वारा थेट पिंजऱ्यावर नको. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी पिंजरा दुसऱ्या घरी हलवा. मच्छर पळवणारं लिक्विड त्या खोलीत कधीच लावू नका.

तळाला माती किंवा खडे नकोत. भक्ष्यासोबत ते पोटात जातात. मादी असेल तर ओलसर वाळूची फूटभर खोल बादली ठेवाच. नराशी संबंध न येताही ती अंडी घालते, आणि खणायला जागा मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकून ती मरू शकते.

रंगाकडेही लक्ष असू द्या. २०१५ साली जिनिव्हातल्या संशोधकांनी पँथर शॅमेलिऑन या दुसऱ्या जातीच्या त्वचेतले ग्वानिन या पदार्थाचे सूक्ष्म स्फटिक एकमेकांपासून दूर-जवळ होऊन रंग कसा पालटतो, ते दाखवलं. मनःस्थिती, प्रकाश, तापमान, सगळं त्या रंगात उमटतं. सकाळी गडद होऊन ऊन शोषणं स्वाभाविक आहे. पण तो दिवसभर काळपट राहिला, डोळे खोल गेले किंवा दुपारी मिटलेले दिसले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडे त्याच दिवशी न्या.