आजोबांच्या करवतीचा वंश

अमेरिकेत तळघरात किंवा गराजमध्ये घरातल्या जुन्या माणसाची टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेली करवत, सापडली, तर आधी तिच्यावरची पत्र्याची पट्टी पुसून वाचावी. नाव बहुधा क्राफ्ट्समन असतं, पण खरी ओळख मॉडेल क्रमांकात असते. तो 113 ने सुरू होत असेल, तर करवत एमर्सन इलेक्ट्रिकची; 103 ने सुरू होत असेल, तर किंग-सीलीची. सिअर्स या अमेरिकी दुकानसाखळीने 1927 मध्ये क्राफ्ट्समन हे नाव नोंदवलं आणि दुसऱ्यांनी बनवलेली हत्यारं त्या नावाने विकली.

त्याआधी गोल करवत ही वखारीची आणि कारखान्याची गोष्ट होती. छताखाली एक लांब दांडा फिरायचा आणि त्यावरून चामडी पट्टे खाली एकेका यंत्राकडे यायचे. घरात असं यंत्र येण्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या: घरगुती वीज आणि लहान मोटर. हर्बर्ट टाउट्झने 1919 मध्ये मिलवॉकीत सुरू केलेल्या डेल्टा कंपनीने या नव्या गिऱ्हाइकासाठी लहान यंत्रं बनवली. गावाकडच्या शेतघरांना मात्र वाट पाहावी लागली. ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदाच 1936 चा.

सुरुवातीच्या अनेक करवतींमध्ये तिरका काप घ्यायचा तर सगळं टेबल कलतं करावं लागे आणि जड फळी घसरायची. 1939 मध्ये आलेल्या डेल्टाच्या युनिसॉमध्ये टेबल स्थिर राहिलं आणि खालचं पातंच कललं. आजच्या टेबल सॉचा साचा मला तिथेच पक्का झालेला दिसतो. 1945 मध्ये रॉकवेलने डेल्टा विकत घेतली. युद्धानंतर उपनगरांत घरं उभी राहिली, त्यांत गराज आले आणि फर्निचर स्वतः बनवण्याचा छंद पसरला. आज नातवंडांच्या हाती येणाऱ्या बऱ्याच करवती त्या काळातल्या किंवा त्यानंतरच्या दोन-तीन दशकांतल्या आहेत.

त्या टिकल्या, याला माझ्या मते बिडाच्या जाड टेबलाइतकीच त्यांची साधी जोडणीही कारण आहे. मोटर वेगळी, पातं वेगळं, मध्ये पट्टा. मोटर जळली तर दुसरी बसते, पट्टा आणि बेअरिंग सहसा बाजारात मिळतात. 10 इंची पात्याच्या करवतींचा आर्बर, म्हणजे पातं बसतं तो दांडा, सहसा 5/8 इंचाचा असतो, त्यामुळे सत्तर वर्षांच्या जुन्या यंत्रावर आजचं कार्बाइड दात्यांचं पातं चढतं. टेबलावरचा गंज घासून निघतो आणि मेण लावलं की लाकूड पुन्हा सरकू लागतं. पातं टेबलावरच्या खाचेला समांतर करायला मात्र वेळ लागतो. क्राफ्ट्समनमध्ये पात्याचा सांगाडा टेबलाच्या पोटाला टांगलेला असतो, म्हणून खाली वाकून बोल्ट सैल करत बसावं लागतं. युनिसॉमध्ये तो पेटीवर बसवलेला असल्याने टेबलच हलवून काम भागतं.

वारशात सहसा येत नाही ती वस्तू म्हणजे गार्ड, पात्यावरचं संरक्षक झाकण. जुन्या करवतींवर गार्ड आणि पात्यामागची फाळ, म्हणजे स्प्लिटर, एकत्र जोडलेले असत. लाकडात खाच पाडायची तर दोन्ही काढावे लागत. एकदा काढलेला गार्ड खिळ्याला टांगला जाई आणि घर बदलताना हरवे. मला या यंत्रांबद्दल खरी काळजी वाटते ती इथे. लांब फळी चिरताना लाकडातला ताण मोकळा होतो, चिरलेले दोन भाग पात्यामागे मिटू पाहतात आणि मागचे वर येणारे दाते फळी उचलून समोरच्या माणसावर फेकतात. रायव्हिंग नाइफ, म्हणजे पात्याबरोबर वरखाली होणारी स्प्लिटरसारखी फाळ, अमेरिकेत 2008 पासूनच्या नव्या रचनांमध्ये आली. बोट लागताच काही मिलिसेकंदांत पातं थांबवणारी स्टीफन गॅसची सॉस्टॉप 2004 मध्ये विक्रीला आली, पण तिचा ब्रेक जुन्या करवतीत बसवता येत नाही.

म्हणून जुनी करवत ठेवायची तर टेबलात पात्याभोवती बसणारी पट्टी नवी, घट्ट बसणारी बनवावी आणि तिच्यातच स्प्लिटर रोवावा. मूळ स्प्लिटर हाती लागला असेल, तर आधी त्याची जाडी मोजावी. आजची बारीक काप घेणारी पाती त्याच्याहून अरुंद काप सोडतात आणि फळी मध्येच अडकते.